डोकं माझं, निदान सगळ्यांचं

पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर थर्मामीटर पुढे करता येतो, दाढ दुखली तर निदान गाल तरी सुजतो. डोकेदुखीकडे दाखवण्यासारखं काहीही नसतं. कपाळाला हात लावून "डोकं दुखतंय" एवढं म्हणायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा संशय बघत बसायचं. त्यातून त्या दिवशी पाहुणे यायचे असतील किंवा नणंदेकडे बारशाला जायचं असेल तर विचारूच नका. डोकेदुखी सिद्ध करायला जगातले सगळे पुरावे कमी पडतात. तिचं कारण सांगायला मात्र कुणालाच एकही पुरावा लागत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात माझं डोकं दुखायला लागलं की पाच मिनिटांत कारण ठरतं. सासूबाईंच्या मते मी केस ओले ठेवून झोपते. सासऱ्यांच्या मते सगळं मोबाइलमुळे होतं, पण ते पावसाने दिलेली ओढसुद्धा मोबाइलच्या खात्यावर टाकतात. नवरा "पाणी कमी पितेस" म्हणतो, कारण ते सोफ्यावरून न उठता म्हणता येतं. शेजारच्या काकू मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून तव्यावर टाकतात आणि ठसका लागला नाही की विजयी मुद्रेने म्हणतात, "बघ, केवढी दृष्ट लागली होती!" (ठसका मला लागत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण त्या वेळी मी आतल्या खोलीत दार लावून पडलेली असते.) आणि कॉलेजात जाणारी लेक मोबाइलवर शोधून थेट ब्रेन ट्यूमरपर्यंत पोचते. नुसत्या डोकेदुखीमागे ट्यूमर निघणं अगदी क्वचित घडतं, हे तिला पटत नाही. तिला नाट्य आवडतं.

एवढ्या लोकांनी एवढं निदान केल्यावर डॉक्टर कशाला हवेत, असं मलाही वाटायचं. पण डोकेदुखीची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे आणि तिनं 1988 साली डोकेदुखीची रीतसर वर्गवारी छापली. तिची तिसरी आवृत्ती 2018 साली आली. प्रत्येक प्रकाराला क्रमांक, त्याला उपक्रमांक, त्याच्याही पोटात आणखी क्रमांक. मुख्य विभागणी साधी आहे. काही डोकेदुख्या स्वयंभू असतात, म्हणजे दुखणं हाच आजार. बाकीच्या दुसऱ्या कशाच्या तरी पाठीमागून येतात: सर्दी, जंतुसंसर्ग, डोक्याला मार, औषधं. आपल्याकडच्या लोकांनीही हा उद्योग फार आधी केला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग मोजले आहेत. त्यातला अर्धावभेदक म्हणजे आपली अर्धशिशी. सूर्यावर्त नावाचा प्रकार सूर्य वर चढेल तसा चढतो आणि उतरेल तसा उतरतो. म्हणजे तो बरोबर ऑफिसच्या वेळात दुखतो. त्या काळी ऑफिसं नसतानाही हे लक्षात आलं, याचं मला कौतुक वाटतं.

सगळ्यात विनोदी गोष्ट अशी की डोकं दुखतं तेव्हा मेंदू दुखतच नसतो. मेंदूच्या गाभ्यात वेदना ओळखणारे तंतूच नाहीत. म्हणून तर काही शस्त्रक्रियांत कवटी उघडी असताना रुग्णाला जागं ठेवून त्याच्याशी गप्पा मारता येतात. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू. गावभरच्या जमिनींचे सातबारे सांभाळणाऱ्या तलाठ्याच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन नसावी, तसा हा प्रकार आहे. अंगठ्यात काटा रुतला तरी नोंद मेंदूतच होते. स्वतःच्या उताऱ्यावर मात्र काही नाही.

तर अखेर मी डॉक्टरांकडे गेले. सोबत सासूबाई आल्या, कारण "तुला नीट सांगता येत नाही."

"नक्की कुठं दुखतं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"तिची प्रकृती पित्ताची आहे," सासूबाई म्हणाल्या.

"दुखायला लागलं की किती वेळ टिकतं?"

"सकाळी उपाशीपोटी चहा घेते ना."

"जिना चढलात की वाढतं का?"

"जिना कुठला? लिफ्टनं जाते ती."

डॉक्टर मुरलेले होते. त्यांनी खुर्ची जराशी फिरवली आणि प्रश्न सासूबाईंनाच विचारायला सुरुवात केली. "दुखायला लागलं की या काय करतात? येरझारा घालतात की पडून राहतात?"

"पडून राहते! दार लावून. दिवसाढवळ्या पडदे ओढून."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

"हाक मारली तर ओ देत नाही. चटणीसाठी मिक्सर लावला तर आतून ओरडते."

डॉक्टरांनी तेही लिहिलं.

"फोडणीचा वास सहन होत नाही म्हणे. म्हणजे एरवी कांदेभजी खाताना होतो बरोबर! मग मळमळ, मग उलटी, मग झोप. दुसऱ्या दिवशी उठते ती काही झालंच नाही अशी."

"डोकं एकाच बाजूचं धरून बसतात का?"

"कधी डावं, कधी उजवं. तिचं तिलाच ठरवता येत नाही."

कित्येक वर्षं माझ्यावर ठेवलेल्या आरोपांची ती अशी संपूर्ण यादी झाली. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आजींनी मायग्रेनची सगळी लक्षणं क्रमवार सांगितली." चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारं, बहुधा एका बाजूचं, ठणकणारं, हालचालीनं वाढणारं, सोबत मळमळ आणि उजेड-आवाजाचा त्रास. याला रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. स्कॅन केला तर तो निर्दोष येतो, आणि तो निर्दोष आला की घरचे म्हणतात, बघ, काहीच नाहीये तुला. रुग्णाला विचारायचं आणि ऐकायचं, एवढंच निदानाचं मुख्य साधन. माझ्या बाबतीत ते सासूबाईंच्या तोंडून ऐकलं गेलं, इतकाच फरक.

"म्हणजे पित्तच ना?" सासूबाईंनी समारोप केला.

हे पित्त महाराष्ट्रातल्या असंख्य मायग्रेनांना पोटात घेऊन बसलेलं आहे. तर्क असा: डोकं दुखलं, उलटी झाली, कडू पाणी पडलं, बरं वाटलं, अर्थात पित्त चढलं होतं, ते पडलं. डॉक्टरांनी सांगितलं की क्रम उलटा आहे. मायग्रेनचा झटका डोक्यात सुरू होतो आणि तोच पोटाला कामावरून बसवतो. जठर सुस्तावतं, म्हणून मळमळतं, आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. उलटी किंवा झोप झाल्यावर बऱ्याच जणांचा झटका ओसरतो आणि श्रेय आल्याच्या वडीला मिळतं. गोडाचंही तसंच. श्रीखंड ओरपलं म्हणून डोकं दुखलं, असा आमच्याकडे ठराव झालेला आहे. पण झटक्याच्या आदल्या काही तासांत कित्येकांना जांभया येतात, मान आखडते आणि गोडधोड खावंसं वाटतं. म्हणजे श्रीखंडाच्या वाटीकडे हात गेला तेव्हा मायग्रेन आधीच घरात शिरलेलं असू शकतं. मी हे घरी समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि श्रीखंडाचा डबा माझ्यापासून लांब ठेवला.

दुसरं मोठं कुलदैवत सायनस. मुंबईच्या दमट हवेत प्रत्येकाला एक स्वतःचा सायनस असतो. कपाळ जड, नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी, की निघाली वाफेची पातेली. पण मायग्रेनमध्येही नाक चोंदतं आणि डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे स्वतःच ठरवलेले बरेचसे सायनस तपासणीअंती मायग्रेन निघतात. खऱ्या सायनसच्या दुखण्यात बहुधा घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं असलं काही सोबत असतं. तिसरा संशयित बीपी. रोजच्या थोड्याफार वाढलेल्या बीपीनं सहसा डोकं दुखत नाही. तो गुपचूप राहतो म्हणून तर वाईट. सासरे हे ऐकून नाराज झाले. त्यांच्या बीपीचा एकमेव उपयोग घरात शांतता राखण्यासाठी होत होता.

जगात सर्वांत जास्त आढळणारी डोकेदुखी मात्र मायग्रेन नव्हे, ताणाची. तिच्यात नाट्य नाही. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंना, मध्यम, कामं करता येतील इतपत. संध्याकाळच्या कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात एकूण डोक्यांपैकी निम्मी तरी या जातीची असावीत असा माझा अंदाज आहे, पण तिथं मोजायला हात वर करायला जागा नसते.

मायग्रेन मात्र कोणत्या दिवशी येईल याचा त्याच्याजवळ खास हिशेब असतो. आठवडाभर साहेबाचे टोमणे, मार्चअखेर, पावसात अडकलेली गाडी, यात ते मुकाट्यानं दबून असतं. रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळावं, चहा दहाला घ्यावा, आणि हे उगवतं. ताण एकाएकी उतरणं, झोपेची वेळ बदलणं, चहा लांबणं ही सगळीच त्याची आमंत्रणं आहेत. चहाची तर स्वतंत्र डोकेदुखी वर्गवारीत आहे. रोज दोनशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन, म्हणजे साधारण चार-पाच कप चहा, अंगवळणी पडलं असेल आणि ते तोडलं, तर चोवीस तासांच्या आत डोकं धरतं. उपवासाचीही वेगळी नोंद आहे. मायग्रेनवाल्या बाईनं संकष्टी करावी, चंद्रोदय पावणेदहाचा असावा आणि नेमकं आभाळ भरून यावं, यापेक्षा मोठी कसोटी गणपतीनंसुद्धा घेऊ नये. पुरुषांच्या तुलनेत बायकांत मायग्रेन जवळपास तिप्पट आढळतं. त्यात संप्रेरकांचा मोठा हात असतो, असं वैद्यक सांगतं. संकष्टीच्या साबुदाण्याचा हात कुणी मोजलेला दिसत नाही.

वर्गवारी चाळताना मला सर्वांत आवडलं ते तिच्यातलं किरकोळ सामान. घट्ट हेल्मेट किंवा पोहण्याचा गॉगल डोक्याला आवळून होणारी डोकेदुखी तिथं रीतसर नोंदलेली आहे. आवळणारी वस्तू काढली की ती तासाभरात थांबते, हे तिचं लक्षण. ही बातमी मी पुण्याच्या आतेभावाला कळवली, ही गोष्ट समाजहिताची नव्हती हे मान्य. हेल्मेटसक्तीविरुद्ध पुणेकरांनी आजवर बरंच काही पुढे केलं होतं. आंतरराष्ट्रीय संघटनेचा क्रमांक हाती लागायचा तेवढा बाकी होता. "बरोबर मापाचं घे, मग दुखणार नाही," हे माझं पुढचं वाक्य त्यानं ऐकलं नाही. केस ओढून बांधल्यानं होणारीही एक नोंद आहे. लग्नात पार्लरवाली जो खोपा घालते, त्यात तिच्याजवळच्या सगळ्या पिना संपेपर्यंत नवरीचं डोकं पुरतं. नवरीच्या डोळ्यांतलं ते पाणी सगळंच माहेराच्या आठवणीचं नसतं. थंड पदार्थांचीही आहे. चौपाटीवर कालाखट्टा गोळा भसकन तोंडात घातला की टाळूला गारठा बसतो आणि कळ मात्र कपाळात येते, कारण चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी नस एकच आणि तिला पत्ता नीट सांगता येत नाही. दहा मिनिटांच्या आत थांबते. तेवढ्यात पोरं दुसरा गोळा मागतात.

एक डोकेदुखी झोपेतच येते. साधारण पन्नाशीनंतर, रोज रात्री ठरावीक वेळी माणसाला दुखून जाग येते. तिच्यावरचा एक उपाय काय, तर झोपण्यापूर्वी कपभर कॉफी. आणि ती पिऊन ही माणसं झोपतातही! हे कळल्यापासून सासरे रोज रात्री साडेदहाला कॉफी मागतात. त्यांचं डोकं दुखत नाही. "दुखू नये म्हणून" घेतात.

एका प्रकाराची मात्र थट्टा करवत नाही. एकाच डोळ्याच्या आत किंवा मागे सुऱ्या खुपसल्यासारखं दुखणं, पंधरा मिनिटं ते तीन तास, दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे. तो डोळा लाल, तीच नाकपुडी गळती. मायग्रेनवाला निपचित पडतो, हा माणूस खोलीभर फेऱ्या मारतो, भिंतीवर डोकं आपटतो. याला क्लस्टर म्हणतात. मास्क लावून भरपूर प्रमाणात शुद्ध प्राणवायू दिला तर बऱ्याच जणांना पंधरा-वीस मिनिटांत उतार पडतो. आणि क्षणात, मिनिटाच्या आत परमोच्च टोकाला जाणारी, आयुष्यात कधी अशी दुखली नव्हती अशी डोकेदुखी असेल. किंवा सोबत ताप आणि ताठलेली मान, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं असेल. किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्यानं सुरू झाली असेल, तर कुणाचंही निदान ऐकत बसू नये. पहिल्या दोनपैकी काहीही दिसलं तर तडक रिक्षा बोलवून इस्पितळ गाठावं, तिसऱ्यासाठी लवकरात लवकर डॉक्टर. दृष्ट आल्यावर काढता येते.

उपायांचं म्हणाल तर आमच्या घरात पहिला मान सुंठीचा. सहाणेवर सुंठ उगाळायची, कोमट करायची, कपाळाला थापायची. पहिली दोन मिनिटं बरं वाटतं. मग लेप वाळू लागतो, कपाळाची कातडी आखडते, भुवया वर ओढल्या जातात आणि माणूस कायम आश्चर्यचकित दिसू लागतो. अशा अवस्थेत दारावर कुरिअरवाला आला की तो सही न घेताच जातो. सुकलेली खपली आमटीत पडते, आणि त्या दिवशी आमटी बरी झाली असं सगळे म्हणतात.

त्यानंतर बाम. अमृतांजन 1893 साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत सुरू केलं, आणि घरोघरी ते इतकं रुजलं की खंडाळ्याच्या घाटातल्या इंग्रजी अमदानीतल्या पुलावर त्याची जाहिरात लागली तर पुलाचंच नाव अमृतांजन पूल पडलं. पुढे त्या पुलाच्या खांबांमुळे खालचा रस्ता अरुंद व्हायचा, गाड्या तुंबायच्या आणि मुंबई-पुण्याच्या प्रवाशांची डोकी अमृतांजनच्याच नावाखाली तासन्‌तास दुखायची. शेवटी 2020 सालच्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो पाडला. बामातल्या मेन्थॉलचा गारवा कपाळाला कामाला लावतो आणि ताणाच्या डोकेदुखीत त्यानं बरं वाटतं. मायग्रेनमध्ये मात्र त्याचा वासच सोसत नाही. पण "लाव गं, लाव," म्हणत तीन जण तीन बाटल्या घेऊन उभे असतात.

आणि गोळ्या. लोकलच्या लेडीज डब्यात तुम्ही नुसतं कपाळ चोळा, चार पर्सच्या चेन उघडतात. एकीकडे हिरवी, एकीकडे पांढरी, एकजण "ही घे, माझ्या दिराला लागू पडते" म्हणून जी देते तिच्यावर नावसुद्धा उरलेलं नसतं. यातून जन्माला येते ती गोळ्यांची डोकेदुखी. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा जास्त, असं तीनेक महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते, आणि ते थांबवायला आपण गोळी घेतो. वारंवार दुखणाऱ्यांना डॉक्टर वेगळी, न दुखण्यासाठी रोज घ्यायची औषधं देतात. कायमच्या मायग्रेनवर कपाळ, डोकं आणि मानेत बोटॉक्सची इंजेक्शनंही देतात. एकतीस ठिकाणी टोचतात. हे ऐकल्यावर लेकीला प्रथमच माझ्या दुखण्यात रस वाटला.

डॉक्टरांकडून निघताना एक गंमत झाली. उठता उठता त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमचं कधी दुखायचं का हो?" सासूबाई परत बसल्या. लग्न झाल्यापासून, म्हणाल्या, दर महिन्याला. माजघरात रुमाल आवळून पडायचे, पण पडायला मिळायचं कुठं, घरात चौदा माणसं. डोळ्यांपुढे चमचमत्या वाकड्यातिकड्या रेघा यायच्या, मग कळायचं की आता अर्ध्या तासात सुरू होणार. सासू म्हणायची ढोंगं. पाळी गेल्यावर थांबलं आपोआप. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी डॉक्टर ऐकत राहिले. अपॉइंटमेंट माझी, फी माझी, इतिहास त्यांचा. रिक्षात बसल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मला पण ते मायग्रेनच होतं की गं. तुला माझ्याकडूनच आलं असणार." हे आनुवंशिक असतं, पण सुनेकडे असं येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

डॉक्टरांनी डोकेदुखीची नोंद ठेवायला सांगितली होती: तारीख, वेळ, किती तास, झोप, जेवण, गोळी. वेगळी वही कोण करणार, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच सुरुवात केली. डोकं दुखलं की त्या चौकोनात फुली. आठवड्यानंतर फुलीशेजारी वेगवेगळ्या अक्षरांत मजकूर दिसू लागला. 'केस धुतले होते.' 'रात्री 1 पर्यंत मोबाइल.' 'पाणी 3 ग्लास फक्त.' 'अमावास्या', हे काकूंचं, त्या विरजण न्यायला आल्या होत्या. त्यातच सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या बाईंचे खाडे आणि आठ तारखेला दळण. महिनाअखेर सासऱ्यांनी दूधवाल्याला कालनिर्णयसमोर उभं केलं आणि फुल्या मोजून तेवढ्या लिटरचे पैसे कापले. तो बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता की एक दिवस चुकलेला नाही. मी आत पडदे ओढून पडले होते. सगळं ऐकू येत होतं, पण उठून बाहेर जाऊन सांगायचं म्हणजे उजेडात जावं लागलं असतं.